आत्याच्या अ‍ॅम्पमधला दोष

दुपारची जेवणं आटोपली, काका दुकानाच्या मागच्या खोलीत आडवे झाले, तेव्हा पुतणीनं आत्याचा अ‍ॅम्प टेबलावर घेतला. गिटारचा आवाज मोठा करणारा जुना, काचेच्या व्हॉल्व्हांचा अ‍ॅम्प. दुरुस्तीच्या दुकानात राहूनही कधी दुरुस्त न झालेला. संध्याकाळी भंगारवाला येऊन तो नेणार होता. काकांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

"मला विचारलंत?" सकाळी तिनं जाब विचारला होता.

"तुला काय विचारायचं? मुडदा आहे तो. मी हात टेकले, तिथे तू कॉलेजात चार बुकं शिकून काय दिवे लावणार?"

दिवे तर लागतच होते. बटण दाबलं की व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे फुलायचे. आवाज तेवढा यायचा नाही. त्याचा दोष शोधता शोधताच आत्या गेली. उघड्या तारेला हात लागला आणि संपलं. पुतणी तेव्हा रांगत होती. पण पुढे तिनं कधीही पक्कड उचलली की घरात तोच पाढा सुरू व्हायचा: नसत्या उचापती केल्या म्हणून जिवाला मुकली, मुलींना विजेतलं काय कळतं! मेलेल्या माणसालाही अक्कल शिकवायचं या लोकांनी सोडलं नव्हतं.

आज तिनं ठरवलंच होतं. आत्याची एवढीच वस्तू उरली होती, आणि ती भंगारात जाऊ द्यायची नव्हती.

फ्यूज शाबूत होता. व्होल्टेज बरोबर होतं. स्पीकरला छोटा सेल टेकवला, तर तो खर्रकन बोलला. मग ती स्पीकरकडून उलटी निघाली, एकेक टप्पा मागे. तपासायची टोचणी टेकवली की स्पीकरमधून गुणगुण यायची. हा जिवंत, हाही जिवंत. पहिल्या व्हॉल्व्हपाशी मात्र सगळं चिडीचूप.

तिनं प्लग काढला, आत साठलेली वीज उतरवली आणि दिवा खाली ओढला. व्हॉल्व्हच्या बैठकीखाली, जाड तारांच्या आड, केसासारखी एक तार लपली होती. गिटारचा आवाज आत शिरला की या तारेनं खोक्याच्या पत्र्यात उतरून तिथल्या तिथे जिरायचा. असली तार आपोआप उगवत नाही. शिवाय सोल्डर करण्याआधी तिचं टोक नखाएवढं आकड्यासारखं वळवलेलं होतं. ही सवय एकाच माणसाची. त्यांचंच पाहून पाहून ती स्वतः शिकली होती.

"काका!"

काका डोळे चोळत आले. तार दिसली तसे चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागले.

"ही तुम्ही जोडलीत."

"हळू बोल..."

"का हळू? तुम्हीच ना?"

"आमच्या बाबांना तिचं वाजवणं खपत नव्हतं." काका चष्मा पुसतच राहिले. "रोज घरात वादावादी. मला म्हणाले, बंद पाड ते एकदाचं. मला वाटलं, चार दिवस खटपट करेल आणि कंटाळेल..."

"ती कंटाळली नाही. मेली!"

"अगं, कुणाच्या ध्यानीमनी तरी..."

"आणि खापर तिच्याच डोक्यावर? आजोबांनी सांगितलं, तुम्ही केलं, आणि उचापती तिच्या? वर्षानुवर्षं पोटभर जेवलात, सुखानं झोपलात? काही वाटलं नाही?"

तिनं कटर घेतला, तार कचकन तोडली, प्लग लावला, बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू फुलले. तापलेल्या धुळीचा करपट वास आला. गिटार तर जोडलेलीच नव्हती.

स्पीकर बोलला.

टक.

व्हॉल्व्ह तपासताना पेन्सिलीनं हलकी टिचकी मारतात. बिघडलेला असेल तो किणकिणतो. तसाच आवाज. टक... जरा थांबून, शेजारच्या व्हॉल्व्हवर... टक. काच थरथरलेली तिला दिसली. पेन्सिल मात्र कुठेच नव्हती.

"बंद कर..." काका कुजबुजले.

तिनं बटण बंद केलं. प्लग उपसला. व्हॉल्व्हमधली लाली विझली, काचा काळ्या पडल्या. बाहेर ऊन रणरणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

टक... टक...

"शोधतेय ती," पुतणी म्हणाली. तिचे हात गार पडले होते, पण राग गार पडला नव्हता. "अजून शोधतेय, काका. तिला वाटतंय, आपलंच काहीतरी चुकतंय. सांगा तिला."

"काय... काय सांगू?"

"दोष कुठे होता ते. कुणी घातला ते. मोठ्यानं सांगा. तेवढं तरी करा तिच्यासाठी!"

काका टेबलापाशी आले. त्यांनी हात जोडले, तोंड उघडलं. ओठ हलले. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या.

आवाज नाही.

"नाटकं पुरे झाली. बोला!"

त्यांनी जोरजोरात मान हलवली. दोन्ही हातांनी गळा धरला, पुन्हा ओठ हलवले, पुन्हा. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. श्वास चालू होता, जीभ हलत होती, सगळं जागच्या जागी होतं. फक्त आवाज तेवढा येत नव्हता.

अ‍ॅम्पमधलं टकटकणं थांबलं.

मग काकांचे हात गळ्यावरून बाजूला झाले. त्यांनी काढले नव्हते. कुणीतरी काम करायला जागा करून घ्यावी, तसे ते अलगद बाजूला सारले गेले. हनुवटीखालच्या कातडीवर एक बारीकसा खळगा पडला, पेन्सिलीच्या टोकाएवढा, आणि भरून आला.

जरा थांबून, बोटभर खाली, दुसरा.