जांभळी तीट

माझ्या जिभेला हाड नाही, असं येडगावच्या माझ्या सासूबाई म्हणतात. म्हणू देत. ही गोष्ट मात्र तिखटमीठ न लावता सांगते.

स्वाइन फ्लूच्या साली मी मंचरला एका बालरुग्णालयात, तातडीच्या विभागाच्या दाराशी टेबल मांडून बसायचे. आमच्या भागात आजारी पोर एकटं येत नाही; आत्या, चुलते, शेजारी, जीपभर माणसं येतात. प्रत्येकाच्या काखेत थर्मामीटर ठेवायचा, खोकला विचारायचा. ताप नसेल त्याच्या अंगठ्याला जांभळ्या औषधाचा ठिपका. ठिपकेवालं एकच माणूस पोरासोबत आत, बाकीचे बाहेरच्या मांडवात.

सर्वपित्री अमावस्या होती. सकाळीच माझी आरोही तापली होती. घरी ताप असेल तर कामावर येऊ नका, हा कागद मीच भिंतीला चिकटवलेला. पण दुसरी बाई रजेवर. पोरीला शेजारच्या लंकाबाईंवर सोपवून मी गुपचूप आले आणि दिवसभर स्वतःला शिव्या देत बसले.

दुपारी आभाळ इतकं दाटलं की टेबलावरची वही दिसेना. त्यात लाइट गेली. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या गावातली एक जीप आली. जानकू, त्याची बायको भागू, दोन आत्या आणि सहा महिन्यांचा शौर्य, तापानं झटके आलेला. पोर आत पळवलं. इकडे पारा बघते तर भागू तापलेली, जानकू खोकतोय, आत्याही तशाच.

आतून डॉक्टर ओरडले, "घरचं कुणीतरी द्या! परक्या हाताला रडतंय, श्वास पुरत नाही त्याला!"

कुणाला देऊ? भागू उंबऱ्याशी बसून पदरात रडत होती. माझेही डोळे भरले.

तेवढ्यात टेबलापुढे एक म्हातारी दिसली. हनुवटीवर गोंदण. बाहेर पाऊस, पण लुगडं कोरडं. चुलीच्या राखेचा आणि वाळल्या हिरड्याचा वास आला. थर्मामीटर ठेवला, झटकून पुन्हा ठेवला. पारा जागचा हलेना.

"आजी, लईच गार आहात..."

"गार बरं की, पोरी. तापल्यालंच नको म्हंतीस ना?"

खरंच होतं. नियमात ताप लिहिला होता, गारव्याचं कुणी काही लिहिलं नव्हतं. नाव विचारलं. "ठमाबाई. पोराची आजी." मी ठिपका लावला, तर माझा हात कोपरापर्यंत बधिर झाला.

आत जाताना ती वळली. "तुजं बी लेकरू तापलंय नव्हं...?"

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

घटकाभरानं रडणं थांबलं. मग चक्क हसू ऐकू आलं. डॉक्टर बाहेर आले. "उतरला ताप! आजींनी काय ओव्या म्हटल्या हो! पण गेल्या कुठं?"

मांडवात एकच गलका. मी म्हटलं, "तुमच्या ठमाबाईंनी राखलं पोराला."

जानकू हळूच म्हणाला, "ठमाबाई माजी आय, बाई. ती गेल्या साली चैतात गेली..."

मी बधिर हात चटकन पदरात गुंडाळला. भागू मात्र रडता रडता हसायला लागली. "आली बघा! आज तिचं पान वाढायचं व्हतं, ते टाकून आमी हिकडं पळालो. तरी रुसली न्हाई म्हातारी! नातू बघायचा राहिला व्हता तिचा..."

सिस्टरनं काचेआडून शौर्य दाखवला. गालावर जांभळी तीट! आत्यांनी लांबूनच दृष्ट काढत बोटं मोडली. भीती कुठल्या कुठे पळाली आणि मीही त्यांच्याबरोबर रडले, हसले.

ड्युटी संपताच घराकडे धावले. लंकाबाई माझ्याच उंबऱ्यात गहू निवडत होत्या आणि आरोही त्यांच्याजवळ खेळत होती. अंग थंडगार. गालावर जांभळी तीट.

"ही कुणी लावली?"

"तुज्या सासूबाईंनी की! दुपारी आल्या. लई मायाळू बाई, मांडीवर घिऊन बसल्या व्हत्या."

सासूबाई येडगावला होत्या. औषधाची बाटली रुग्णालयाच्या कपाटात होती.

"गेल्या कधी...?"

"गेल्या? मी दुपारपास्नं हितंच बसलेय. आतच हायेत."

आरोही आतल्या अंधाऱ्या खोलीकडे बघून खुदुखुदू हसत होती. तिकडून हिरड्याचा वास येत होता.

मी आत डोकावले नाही. पदर खोचला, तांदूळ धुतले आणि त्या राहिलेल्या पानासाठी खीर शिजायला टाकली.