बेरमेतची माफी

सायकालने भर चौकात जिला लाजवलं, ती चौदा महिन्यांची होती आणि तिने फलकावर शू केली होती.

गवतावर टेकवलेला, अजून ओला फलक सायकालनेच रंगवला होता. गावातली ती एकुलती एक नर्स. बाळांच्या मनासाठी गावात पहिल्यांदाच सोहळा भरणार होता. ‘बाळालाही मन असतं’ ही वरची ओळ कोरडी राहिली. खालची, ‘बाळाला लाजवू नका’, ओघळत गवतात निघाली होती.

“उयात! शी! लाज नाही वाटत?” सायकाल ओरडली. उयात म्हणजे लाज.

चिमुकली बेरमेत रडली नाही. तिने फक्त मामाच्या गुडघ्यामागे तोंड लपवलं.

मामा म्हणजे मिरलान, मेंढ्यांचा डॉक्टर. त्याने आधी फलकाकडे पाहिलं, मग नर्सकडे. फार सावकाश.

“खालची ओळ गेली. काय होती?”

सायकालचे कान तापले. “...आठवत नाही.”

“हिची आई मॉस्कोला कामाला गेली, तेव्हापासून ही कुणाकडे बघतच नव्हती. गेल्या महिन्यात हसली. पहिलं हसू आमच्या बोकडाला. मी दुसरा.”

तो चिडला असता तर बरं झालं असतं.

दुपारी बेरमेतचा दोरा कापायचा होता. नुकत्याच चालू लागलेल्या बाळाच्या पायांत काळापांढरा दोरा बांधायचा, मोठ्यांनी शर्यत लावायची. जिंकेल तो दोरा कापतो आणि बाळ त्याच्या वळणावर जातं. सायकाल सोहळ्याच्या तंबूमागे लपली होती.

“शर्यतीत पळणार नाही, नर्सबाई?” मिरलानने तिला शोधलंच.

“माझ्या वळणावर गेली तर?”

“तर फलक छान रंगवेल.”

“चेष्टा नको. मी... तिच्यासमोर उभी राहू शकत नाही.”

“मग बसा. तिची उंची तेवढीच आहे.”

शर्यत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी बात्मा अपांनी जिंकली. त्यांच्या पुढे जायची कुणाची छाती नव्हती. अपांनी चाकू उचलला, तेवढ्यात सायकाल मध्ये आली. सोहळ्यासाठी लिहिलेलं पाच पानी भाषण खिशात कोंबून ती गवतात गुडघ्यांवर बसली.

“बेरमेत, सकाळी मी तुला लाजवलं. चूक माझी होती. शू सगळेच करतात.”

“बाळाची माफी?” अपा कुजबुजल्या. अख्ख्या गावाला ऐकू गेलं. “तिला काय कळतंय?”

“शब्द नाही कळत, अपा. चेहरा कळतो. सकाळचा माझा चेहरा तिला नीट कळला होता.”

अपा चाकूकडे बघत राहिल्या. “मी सहा वाढवली. सहांनाही असंच... उयात, उयात.” मग खाकरल्या. “थोरल्याला फोन लावा रे. पंचावन्नचा आहे. तरी लावा.”

आणि त्यांनी दोरा कापला.

बेरमेत डुलत पुढे आली. तोंडातला अर्धा चघळलेला बोरसोक काढून तिने सायकालच्या तोंडात कोंबला. सायकालने तो गिळला.

“तळलेल्या पिठाचा एक तुकडा ती मला कधी देत नाही,” मिरलान म्हणाला.

“आणि बोकडाला?”

“त्यालाही नाही.” तो आता लाल झाला होता. “नर्सबाई, खालची ओळ मला पाठ होती. तुम्ही तीन दिवस रंगवत होतात, मी तीन दिवस कुंपणापलीकडून बघत होतो... फलक नाही. तरी मुद्दाम विचारलं.”

“मला लाजवायला?”

“हं.”

“मग बसा गुडघ्यांवर.”

तो बसला. आता तिघांची उंची सारखी झाली. बेरमेतने सायकालचं बोट धरलं. ती ते मामाच्या हातात देणार असं सगळ्या गावाला वाटलं... पण तिने सायकालला थेट बोकडासमोर ओढत नेलं.

“ओळख करून देतेय,” मिरलान हळूच म्हणाला. “घरातल्या मोठ्यांशी.”

नवी सून थोरांपुढे वाकते, तशी सायकाल बोकडापुढे वाकली.