बकुळा : चालू आहे

माझा एजंट, म्हणजे मी बनवलेला, सांगितलेली कामं करणारा प्रोग्राम, पहिल्यांदा मराठीत बोलला, त्या दुपारी बड्या बाजारातल्या आमच्या वरच्या खोलीत मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. झाशीत घराबाहेर मराठी कोण बोलतं? म्हणून हौसेने त्याला शिकवली होती. काम तसं साधंच. आम्ही कोड लिहिला की त्याची जोडणी, तपासणी, रवानगी एकापाठोपाठ आपोआप होते. त्याला पाइपलाइन म्हणतात. कुठल्या पाइपलाइन चालू आहेत, कुठल्या अडकल्यात, याची यादी एजंटने द्यायची. पूर्वी ही सफाई मीच करायचो, न वाचता. अडकलेल्या सगळ्यांवर खूण, रद्द, आणि मग चहा. एजंट बनवायच्या नादात ती सात-आठ महिने राहूनच गेली होती.

यादीत शेवटी एक ओळ होती. ‘बकुळा. चालू आहे. सात महिने.’

पाइपलाइन चालते फार तर अर्धा तास. मी पुण्याला भूषणला, आमच्या टीममधल्या मित्राला, फोन लावला.

“तुमच्यापैकी कोणी बकुळा नावाचं काही सुरू केलंय का रे?”

“आजकाल पोरीचं नाव कोणी बकुळा ठेवत नाही, पाइपलाइनचं कोण ठेवणार? उडव ती.”

उडवणारच होतो. एजंटने विचारलं, ‘रद्द करू?’ मी ‘हो’ टाइप केलं. एंटर दाबायचं तेवढं बाकी होतं, इतक्यात माझी बायको वसुंधरा दारात आली. एक हात चौकटीवर, एक पोटावर.

“सुन ना मुकुल. सकाळपासून बाळ उड्या मारत होतं. एकदम गप्प झालंय.”

तिला सातवा महिना होता. याआधी दोनदा आमचं बाळ जन्मापर्यंत पोचलं नव्हतं. या खेपेला आम्ही आनंदसुद्धा दबक्या आवाजात करत होतो. मी हिशेबी डोक्याचा माणूस, पण ‘हो’ खोडलं.

“अरे, मारली लाथ!” वसुंधरा म्हणाली आणि डोळे पुसत हसली.

योगायोग, असं मी स्वतःला बजावलं. आणि बकुळाला कोणाला हातच लावता येणार नाही, अशी सोय करून टाकली. भूषण पोट धरून हसला. हसू दे! रोज सकाळी दात घासायच्या आधी मी यादी मागायचो. ‘चालू आहे’ वाचलं की माझा तो दिवस सणाचा. वसुंधराला मात्र यातलं काही बोललो नाही.

मुलगी झाली! दवाखान्याच्या जिन्यात मी अनोळखी माणसांना मिठ्या मारल्या, माणिक चौकात जाऊन मिठाईवाल्याचे होते नव्हते तेवढे पेढे उचलले. मग फोनवर यादी मागितली. ‘बकुळा. पूर्ण.’ वेळ जन्माचीच होती.

बारशाला माझी बहीण शमिका ग्वाल्हेरहून आली. नाव ठेवायचा मान आत्याचा. तिने आणि वसुंधराने मिळून ‘अन्वी’ ठरवलं होतं. पाळण्यावर वाकून शमिका बाळाच्या कानात कुजबुजली. बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले आणि नाव विचारलं.

“बकुळा,” ती म्हणाली आणि स्वतःच गोंधळली. “पता नहीं भैया, वाकले आणि तेच तोंडात आलं.”

मग मला राहवेना. घुगऱ्या घेऊन पाहुणे पांगताच मी वसुंधराला सगळं सांगून टाकलं. तिचे डोळे लकाकले.

“दाखव! आत्ताच्या आत्ता!”

चालू पाइपलाइनमध्ये बकुळा आता नव्हती. म्हणून एजंटला मी पहिल्यांदाच म्हटलं, बकुळाच्या जुन्या-नव्या सगळ्या नोंदी दे.

तीन ओळी आल्या.

वरची ‘पूर्ण’. खालच्या दोन ‘रद्द’.

त्या दोन तारखा मला पाठ होत्या. वसुंधरालाही.

बाळाला खांद्यावर घेऊन ती माझ्या मागे उभी होती. पडद्यावर बोट ठेवून ती एकेक रकाना वाचत निघाली. नाव. सुरुवात. शेवट.

पुढचा रकाना ‘रद्द करणारा’ असा होता. दोन्ही ओळींत माझं नाव होतं.