चित्राकडे पाठ

तेव्हा राष्ट्रीय कलासंग्रहालयात मंगळवारी सकाळी विसराळू म्हाताऱ्यांचा मेळा भरायचा. कागदोपत्री त्याला 'स्मृती-सकाळ' असं भारदस्त नाव होतं. तो चालवायची धाकटी. साठी उलटली तरी ती धाकटीच, कारण तिची थोरली बहीण, आक्का, त्याच मेळ्यात बाकाच्या टोकाला बसायची. ही आक्का एके काळी हसली की गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जायचं. नवरा गेला तशी तिची वाचाच बसली. डॉक्टरांनी हात टेकले. धाकटीला फार नको होतं, एक वाक्य हवं होतं. "चहा गार झाला" एवढ्यावरही तिने समाधान मानलं असतं.

तिची रीत ठरलेली होती. मंडळींनी चित्र पोटभर बघायचं, मग त्याच्याकडे पाठ करून बसायचं आणि आठवेल ते सांगायचं. ती स्वतः समोर, चित्राकडे तोंड करून उभी राहायची. चुका पकडायला.

त्या प्रदर्शनात एका अंगणाचं मोठं चित्र लागलं होतं. मेजवानी उरकलेली, लांब टेबल, कलंडलेले पेले, मागे जिना. माणूस औषधालाही नाही.

"जिन्यावर तो जाड्या नाचतोय ना," म्हातारे पोस्टमन म्हणाले, "बूट हातात घेऊन!"

"काका, तिथे कुणीच नाही."

"नाही कसं, बाई? डोळे तपासून घे." शिंपीणबाई खुसखुसल्या. "जाकिटाचं मधलं बटण तुटलंय मेल्याचं. दे म्हणावं इकडे, लावून देते."

हशा पिकला. धाकटीही हसली. तिच्यासमोर जिना रिकामा होता.

पुढच्या मंगळवारी जाड्या टेबलापाशी आला. गेल्या खेपेचं कुणाला काही आठवत नव्हतं, चित्रसुद्धा सगळ्यांना नवंच होतं. तरी तोच जाड्या, तेच बूट, तेच तुटलेलं बटण. एरवी दालनात लाकडी फरशीच्या पॉलिशचा वास असायचा. त्या दिवशी त्यात नुकत्या कापलेल्या कलिंगडाचा वास होता.

त्यानंतरच्या मंगळवारी पोस्टमन टाळ्या पिटत ओरडले, "अरे, आला की चौकटीपर्यंत! या, या राव!"

सगळे ठेका धरू लागले. धाकटीचं लक्ष आक्काकडे गेलं. आक्काचं पाऊल फरशीवर ताल देत होतं.

धाकटीने झटकन चित्राकडे पाहिलं.

चित्रात अंगण होतं, टेबल होतं, जिना होता. बस.

टाळ्या एकदम थांबल्या. सगळे चेहरे उजळले होते, आणि सगळ्यांच्या नजरा हळूहळू एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकत होत्या, दालनातून कुणीतरी चालत जावं तशा.

"दमलाय गं तो," आक्का म्हणाली.

धाकटीच्या डोळ्यांना धार लागली. "कोण, आक्का? बोल ना. कोण दमलंय?"

"काय हा पोरकटपणा! पाहुण्याला उभं ठेवतात का?"

आक्का जागा करत बाकावर जरा सरकली, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत जावं असं खळखळून हसली.

तिच्या शेजारची चामड्याची गादी करकरली, आणि खोल दबली.