शांत बोळ

समोरच्या दारावरचं तांबडं वर्तुळ वीतभर रुंद होतं. खालच्या कडेला रंग ओघळून सुकला होता, मधोमध फुली. त्या दारापुढे एक तरुण चित्र काढत बसला होता.

"कोण पाहिजे?" मी विचारलं.

"किल्ला बघायला आलो होतो... वाट चुकली. बरंच झालं!" तो हसला. "हे शुभचिन्ह कोण काढतं हो? दारोदार आहे."

"प्लेगवाले. वर्तुळ म्हणजे घरात आजारी. फुली म्हणजे माणूस गेलं."

त्याचा कुंचला थांबला. मग त्याला आमचं दार दिसलं. तिथे दोन फुल्या होत्या — आईची आणि धाकट्या भावाची. त्या साली सगळा गाव प्लेगच्या भीतीनं बाहेर पडला, पण अप्पांचा घरातून पाय निघेना, म्हणून माळावरच्या झोपडीत जायला आम्हाला उशीर झाला होता.

त्याचं नाव रेवणप्पा, कोल्हापूरचा. दुसऱ्या दिवशी तो माफी मागायला आला. मग येतच राहिला.

"किती शांत आहे इथं," तो म्हणे.

"शांत नाही. रिकामं आहे."

"तुम्ही माणसाला सारखं दुरुस्त करता का?"

"चुकला तर."

"मग रोज एक चूक करीन म्हणतो..."

मी मान खाली घालून डाळ निवडत राही. पाण्याचा तांब्या देताना त्याची रंगानं निळी झालेली बोटं माझ्या बोटांवर क्षणभर थांबत. मीही हात लगेच काढत नसे.

एकदा ओसरीवर बसून तो म्हणाला, "आज माळवदात उंदीरसुद्धा गप्प!"

मी ताडकन उठले. उंदीर धावत असले की आम्ही निर्धास्त असतो. ते गप्प झाले की आधी ते मरतात, मग माणसं. मी शिडी लावून कोपरा न् कोपरा पाहिला; मेलेला उंदीर एकही नव्हता. तो खाली उभा राहून हसत होता... प्रेमानंच.

श्रावणात त्यानं मला मागणी घातली. अप्पा हरखले. "पर घर सोडणार न्हाय मी. जावई हितंच ऱ्हायला पायजे."

"आनंदानं! समोरचंच घर भाड्यानं घेतो. असा बोळ कुठं मिळणार?"

"दानव्वा, साखर आण की! पाव्हण्याचं तोंड गोड कर!"

आई गेल्यापासून एक वाक्य मी गिळत आले होते. साखरेची वाटी मी दोघांच्या मध्ये ठेवली.

"अप्पा, मी मिरजेला नर्सचं काम शिकायला जाणार. लग्न करीन तर यांच्याशीच... पण या बोळात राहणार नाही."