चोंबाचं गाव

काटोंगो कारकून पाणथळात उतरला तो एका गावाच्या शोधात. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले होते, त्यातला एक लुकोशी, आणि काफुता बेट कुणाच्या वाट्याचं, यावर दोन्ही कचेऱ्या हात झटकत होत्या. ते ठरेपर्यंत बेटावर नर्स मिळणार नव्हती. पुरावा एकच, १९३१ सालचा गोऱ्या साहेबाचा कागद: ‘चोंबाचं गाव आणि भोवतालची जमीन लुकोशी जिल्ह्यात.’ गावाची जुनी जागा बेटावर सापडली, तर बेट लुकोशीचं!

होडी हाकत होता बेटावरचाच एक म्हातारा. वडीलधाऱ्याला नावाने हाक मारायची रीत नव्हती, म्हणून काटोंगो त्याला नुसतं आजोबा म्हणे. गेल्या पावसाळ्यात त्याची भाची बाळंतपणासाठी याच होडीतून निघाली आणि वाटेतच गेली. एवढं सांगून म्हातारा पुन्हा वल्हवू लागला होता.

दोन दिवस त्यांनी बेट पालथं घातलं. काही नाही. तिसऱ्या दिवशी उंच लव्हाळ्यांतून वाट काढत ते होडीने बेटापलीकडच्या टेकाडाकडे निघाले.

अचानक पाणी फुगलं. पाणघोडा! एका धडकेत होडी उलटली. टिपणांची पेटी एकीकडे, म्हातारा दुसरीकडे! काटोंगोने म्हाताऱ्याला पकडलं. लव्हाळी ओरबाडत दोघे टेकाडावर चढले. उलटलेली होडी लव्हाळ्यांत अडकून राहिली; पेटी मात्र गेली ती गेलीच.

वर जुनी आंब्याची झाडं होती आणि खाली झिजलेले दळायचे दगड. चोंबाचं गाव हेच! पण बेट तर अर्धा दिवस मागे राहिलं होतं. आपल्याच हातांनी बेटाचा दावा बुडवला, या विचाराने काटोंगोला रडू कोसळलं.

म्हातारा कमरेचं कापड पिळत म्हणाला, “इथली माती थकली, तेव्हा गाव उठलं. पुढे आणखी दोनदा उठलं. गाव काय दगडाला बांधलेलं असतं होय रे? चोंबा जिथे, तिथे त्याचं गाव.”

“पण चोंबा कधीच मेला, आजोबा.”

“मेला. नाव भाच्याने घेतलं. तो गेल्यावर त्याच्या भाच्याने.” म्हाताऱ्याने मनगटातले मामाचे पांढरे मणी पुढे केले. “तू दगडांना विचारलंस. मला कुठे विचारलंस?”

काटोंगो ओशाळला. मामाचं नाव भाच्याने चालवायचं, ही त्याच्या घरचीही रीत. साहेब परका होता, चुकला. पण आपण? हातात कागद आला आणि घरचं सगळं विसरलो! तो गुडघ्यांवर बसला आणि गावप्रमुखापुढे वाजवतात तशा हलक्या टाळ्या त्याने वाजवल्या.

कचेरीत परतल्यावर त्याने अहवाल लिहिला: ‘चोंबाला भेटलो. तो काफुता बेटावर राहतो.’

कोरडा ऋतू लागताच नर्स आली. तिला बेटावर न्यायला चोंबा तीच होडी घेऊन काठाशी उभा होता.