न मोजलेली विहीर

ललित, योगिता, जवळ सरका. ऐकीव नाही सांगत. सुकदेवनं माझा हात धरून सांगितलेलं आहे. आपल्याच खात्यात लूम चालवायचा, इथंच सुरतेत, भेस्तानला तळमजल्यावर एकटा राहायचा.

गेल्या साली अखजीची, अक्षय तृतीयेची रात्र. साडेनऊला तो पाण्याचा जार घेऊन खोलीवर निघाला. नळाला पाणी नव्हतं.

सुरतेत यायच्या आधी सुकदेव विदर्भात एका भुयारी कोळसा खाणीवर होता. खाली कोळसा काढला की वरचं पाणी उतरतं. म्हणून त्यानं आसपासच्या विहिरी मोजायच्या. टेप सोडायची, आकडा वहीत लिहायचा. पाणी उतरलं तर खाणीनं त्या गावाला टँकर द्यायचा.

टेकडीपलीकडच्या वस्तीत एकच विहीर, झऱ्यावरची. वाट चढाची. सुकदेव चहाच्या टपरीवर बसून मागचाच आकडा लिहायचा. एकदा त्या वस्तीतली रुक्मिणी टपरीपर्यंत चालत आली.

"भाऊ, पाणी उतरून राह्यलं. एक डाव येऊन पाहा ना."

"येतो," म्हणाला. गेला नाही.

जेठात ती तळाशी वाटीनं पाणी भरायला उतरली. दरड कोसळली, ती खालीच गाडली गेली. वहीत मात्र पाणी होतं तिथंच होतं. हा कुणाला बोलला नाही. सुरत गाठली.

तर त्या रात्री त्यानं दार लावलं. जार ठेवला. खालून आवाज आला.

टिप्... टिप्...

फरशीखालून.

मग बाईचा आवाज. दमलेला.

"भाऊ... मोजता ना?"

सुकदेव गुडघ्यावर बसला. "बाई, मी आलोच नव्हतो. आकडा खोटा होता."

टिप्...

"...किती राह्यलं?"

"मला... माहीत नाही."

टिप्... टिप्... रात्रभर.

पहाटे तो माझ्या दारात. मी त्याच्याबरोबर गेलो. जार भरलेला, सील तसंच. फरशी कोरडी. आणि चारी भिंतींवर, माझ्या छातीइतकी, एक सरळ ओली रेघ. पाणी उतरल्यावर विहिरीला राहते ना, तशी.

त्याच दिवशी तो विदर्भात परत निघाला. रुक्मिणीच्या लेकापुढं, सगळ्या वस्तीपुढं कबूल झाला. मार खाल्ला. तिथंच राहिला. खोलीची चावी माझ्याकडे.

दोनदा रंग मारला मी. परवा पुन्हा उघडली खोली.

रेघ ओलीच होती...

वीतभर खाली उतरलेली.